नोव्हेनातलं आणखी एक स्थलांतर

सिंगापुरात काही वर्षं काढली असतील तर तुम्ही नोव्हेनाला कधी ना कधी गेलाच असाल, आणि बहुतेक दुखणं घेऊनच. टॅन टॉक सेंग हॉस्पिटल तिथे आहे, त्याला लागून २०१९ साली सुरू झालेलं संसर्गजन्य रोगांचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या इमारतींत मजल्यामजल्यावर कुठल्या ना कुठल्या अवयवाचे तज्ज्ञ बसलेले आहेत. दुखणं नसेल तर कर असतो. इथल्या टॅक्स खात्याचं रेव्हेन्यू हाऊसही जवळच, न्यूटन रोडवर. वस्तीचं नाव मात्र या दोन्हींवरून पडलेलं नाही. थॉमसन रोडवरच्या सेंट अल्फॉन्सस चर्चमध्ये दर शनिवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची उपासना, शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला नऊ. आपल्या नवरात्राचं चुलत भावंडच म्हणा ना. १९८७ साली एमआरटीचं स्टेशन झालं आणि प्रार्थनेचं नाव वस्तीला कायमचं चिकटलं.

या वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत एक लहान कंपनी आहे. नाव सांगत नाही. कापूस, बँडेज, हातमोजे, सिरिंज, मास्क असं दवाखान्यांना रोज लागणारं साहित्य ती पुरवते. माणसं तीसेक, एक गोदाम इथे आणि दुसरं पुलापलीकडे जोहोर बाहरूला. तिथल्या ऑर्डर, साठा आणि बिलांच्या सॉफ्टवेअरची देखभाल २००४ पासून माझ्याकडे आहे. ते सॉफ्टवेअर मी क्लायंट-सर्व्हरवरून वेबवर कसं नेलं, त्याची ही हकिकत. ‘तांत्रिक लेख दिसतोय’ म्हणून लगेच पुढे जाऊ नका. कॉम्प्युटरशी तुमचा फारसा संबंध नसला तरी घर हलवताना काय न्यायचं आणि काय टाकायचं हा प्रश्न तुम्हाला पडलेला आहेच. इथेही प्रश्न तोच होता.

आधी क्लायंट-सर्व्हर म्हणजे काय ते सांगते. अशी एक पेढी डोळ्यांसमोर आणा, जिथे चोपडी एकच आहे, आतल्या खोलीत कुलपात ठेवलेली. बाहेर वीस टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक मुनीम. गिऱ्हाईक आलं की मुनीम आत डोकावतो, चोपडीतलं हवं ते पान बघतो, हिशेब स्वतःच्या टेबलावर करतो आणि निकाल चोपडीत लिहितो. चोपडी म्हणजे सर्व्हरवरचा डेटाबेस आणि मुनीम म्हणजे प्रत्येकाच्या पीसीवर बसवलेला प्रोग्रॅम. उधारी किती द्यायची, सूट कुणाला, कुठला माल आधी काढायचा, हे सगळे नियम मुनिमाच्या डोक्यात. वेबवर गेलं की मुनीम एकच उरतो आणि तोही आत, चोपडीशेजारी बसतो. टेबलांवर फक्त खिडक्या राहतात. त्या खिडकीचं नाव ब्राउझर.

नव्वदच्या दशकात वीस मुनीम हीच आधुनिक गोष्ट होती. त्यासाठीची हत्यारंही तेव्हाच आली: १९९१ साली पॉवरबिल्डर, त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिक, १९९५ साली डेल्फी, शिवाय ओरॅकल फॉर्म्स. आपल्यापैकी कित्येकांची परदेशाची तिकिटं या नावांनी काढून दिली आहेत. मी १९९८ साली वायटूकेच्या कामावर पुण्याहून इथे आले तेव्हा माझ्या बायोडेटावर पॉवरबिल्डर आणि सायबेस हे दोनच शब्द ठळक होते. नोव्हेनातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्याच जोडीवर, १९९६ साली लिहिलेलं. लिहिणाराही मराठीच. तो अमेरिकेला गेला आणि जाताना ते मला सोपवून गेला.

वीस मुनिमांची अडचण कळायला एकच दाखला पुरेल. सिंगापुरात जीएसटी आला तो १ एप्रिल १९९४ रोजी, दर ३ टक्के. २००३ च्या जानेवारीत ४, पुढच्या जानेवारीत ५, आणि १ जुलै २००७ पासून ७ टक्के. दर प्रोग्रॅममध्येच लिहिलेला होता, म्हणून तो बदलायचा तर प्रत्येक मुनिमाला नव्याने पढवायला हवं. १ जुलैला रविवार होता. आदल्या संध्याकाळी मी हातात सीडी घेऊन टेबलाटेबलाशी फिरले आणि तेवीस पीसींवर नवी आवृत्ती बसवली. एका पीसीवर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने एक फाइल बदलून ठेवली होती, तिने तास खाल्ला. चोविसावा पीसी जोहोरला. तिथे रविवारी सकाळी बसने.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच वेबवर का नाही नेलं? खरं सांगायचं तर चालत होतं म्हणून. आणि ज्यांनी घाई केली त्यांचे हालही दिसत होते. ओरॅकलने फॉर्म्सची क्लायंट-सर्व्हर पद्धत नव्वदच्या दशकाबरोबरच मागे टाकली आणि ९आय आवृत्तीपासून फॉर्म्स फक्त ब्राउझरमधून चालू लागले, जावा ॲपलेटच्या आधारावर. लोक खुशीने वेबवर गेले. मग २०१५ साली क्रोमने तसल्या प्लगइनना दार बंद केलं. २०१८ साली जावाच्या ११व्या आवृत्तीतून वेब स्टार्टही गेलं. कुणी फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालेल असं काही बांधून ठेवलं होतं, ते जून २०२२ मध्ये उघडे पडले. म्हणजे ज्यांनी सामान आधी हलवलं त्यांना दोनदा हलवावं लागलं. पॉवरबिल्डरचे मालक तेवढ्या काळात बदलत राहिले, आधी पॉवरसॉफ्ट, मग सायबेस, मग एसएपी, आणि २०१६ पासून ॲपिऑन. पण आमचा प्रोग्रॅम विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर मुकाट्याने उठून कामाला लागत असे. अशा नोकराला कोण काढतं?

मग २०२० उजाडलं.

२३ जानेवारीला सिंगापुरात पहिला रुग्ण सापडला. महिनाअखेरीस सरकारने घरटी चार मास्क वाटायचं जाहीर केलं आणि ७ फेब्रुवारीला इशाऱ्याचा रंग नारिंगी झाला. त्या दिवसांत नोव्हेना कशी होती ते इथल्या वाचकांना आठवत असेल. संसर्गजन्य रोगांचं केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि स्टेशनातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नकळत श्वास रोखून चालणारा.

त्याच आठवड्यात मला कंपनीतून फोन आला, ‘सिस्टिम बिघडली आहे.’ एका मोठ्या गिऱ्हाईकाची मास्कची ऑर्डर स्क्रीन घेत नव्हती. ‘एवढा माल देता येणार नाही, मालकांची परवानगी लागेल’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत होता. मी इतकी वर्षं हे सॉफ्टवेअर सांभाळत होते, पण हा संदेश एकदाही उमटलेला नव्हता. २००९ च्या स्वाइन फ्लूतही नाही. प्रोग्रॅम उघडून शोधायला बसले. ऑर्डर जतन करायच्या बटणामागे, चारशेएक ओळींच्या पोटात, एक लहानसा नियम सापडला. मास्क आणि हातमोजे एखाद्या गिऱ्हाईकाने गेल्या वर्षभरात महिन्याला सरासरी जेवढे घेतले, त्याच्या तिप्पट झाले की थांबायचं. त्याच्यावर रोमन अक्षरांत पण मराठीत लिहिलेली एक ओळ होती: ‘साहेबांनी सांगितलंय. सार्स. काढू नये.’ तारीख एप्रिल २००३.

सार्सच्या वेळी टॅन टॉक सेंग हेच नेमून दिलेलं हॉस्पिटल होतं. देशात २३८ जणांना लागण झाली आणि ३३ गेले. कंपनीचे जुने मालक आता घरी असतात, कारभार मुलीकडे आहे. तिने वडिलांना विचारलं. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. त्या वेळी एका मोठ्या गिऱ्हाईकाने एकाच दिवशी गोदामातले सगळे मास्क उचलले, आणि दुसऱ्या दिवशी एकट्या डॉक्टरांचे छोटे दवाखाने मागायला आले तर द्यायला काही नव्हतं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं ती. त्यांनी प्रोग्रॅमरला बोलावून नियम घालायला लावला. साथ सरली, प्रोग्रॅमर गेला, मालक निवृत्त झाले, नियम मात्र सतरा वर्षं बटणामागे बसून राहिला आणि गरज पडली तेव्हा न बोलावता उठला. मुलीने तो तसाच ठेवला. त्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये लहान दवाखान्यांना थोडे का होईना, मास्क मिळत राहिले.

हे मी का सांगते आहे ते पुढे कळेल.

१८ मार्चला मलेशियाने सीमा बंद केली. जोहोरहून रोज येणारी माणसं पलीकडे अडकली. ३ एप्रिलला, शुक्रवारी, इथली टाळेबंदी जाहीर झाली आणि मंगळवारपासून, ७ एप्रिलपासून, ज्यांचं काम घरून होऊ शकेल त्यांनी घरीच बसायचं ठरलं. माल पोचवणं अत्यावश्यक सेवेत होतं, ऑर्डर टाइप करणं नव्हतं. ऑर्डर टाइप करणारे तर ऑफिसातल्या पीसीला बांधलेले. शनिवार-रविवारी आम्ही सुरक्षित जोडणी उभी करून पीसी लोकांच्या घरी पोचवून पाहिले. स्क्रीन उघडायला दहा दहा सेकंद लागू लागले. कारण साधं आहे. आमची ऑर्डरची स्क्रीन उघडताना मुनीम चोपडीपाशी चारशे खेपा घालत असे. ऑफिसात एक खेप एक मिलिसेकंदाची, म्हणजे सगळ्या मिळून अर्धा सेकंदसुद्धा नाही. घरून एक खेप पंचवीस मिलिसेकंदांची, म्हणजे दहा सेकंद. शेवटी ऑफिसातले पीसी तिथेच चालू ठेवले आणि घरून त्यांचा पडदा ओढून घ्यायची सोय केली. ओस पडलेल्या ऑफिसात वीस मॉनिटरांवर आपोआप अक्षरं उमटत होती. भुताटकीच, पण त्यावर पुढची दोन वर्षं निघाली.

वेबवर जायचं हे आता ठरलंच होतं. कसं जायचं, एवढाच प्रश्न. पहिला सल्ला आला तयार पॅकेज घेण्याचा. सरकारी अनुदान होतं, आणि त्या काळात ते ८० टक्क्यांपर्यंत वाढवलेलं होतं. दोन सल्लागार आले, आठवडाभर सगळ्यांशी बोलले आणि गरजांची चाळीस पानी यादी करून गेले. यादी नीटनेटकी होती. तिच्यात सार्सचा नियम नव्हता, आणि नसणारच होता, कारण ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच तो माहीत नव्हता. तो आठवत होता फक्त सॉफ्टवेअरला. फेब्रुवारीत तो फोन आला नसता तर मलाही तो तिथे आहे हे कळलं नसतं. मग प्रश्न असा, की असे आणखी किती?

दुसरा मार्ग सगळं नव्याने लिहिण्याचा. आमच्या धंद्यात याची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे नेटस्केपची. त्यांनी ब्राउझर मुळापासून नव्याने लिहायला घेतला. चौथी आवृत्ती १९९७ ची, पुढची सहावी थेट २००० अखेर आली, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या हातात गेला होता.

तिसरा मार्ग मार्टिन फाउलर यांनी २००४ साली लिहून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियात त्यांनी दुसऱ्या झाडावर रुजून, मुळं खाली सोडत त्याला वेढून टाकणारे वड-उंबराच्या जातीचे वृक्ष पाहिले. जुनं सॉफ्टवेअर असंच बदलावं, असं त्यांचं म्हणणं. नवं जुन्याच्या अंगावर वाढू द्यावं, एकेक काम त्याच्याकडे सरकवावं, आणि एक दिवस आतलं झाड नसलं तरी चालेल अशी वेळ येते. हे समजायला आपल्याला ऑस्ट्रेलियात जायला नको. गावच्या पडक्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळ आपण पाहिलेला आहे. आम्ही हाच मार्ग धरला. डेटाबेस जुनाच, त्यावर नवा वेबचा भाग, आणि आधी फक्त साठा बघण्याची स्क्रीन. मग बिलं. ऑर्डर सगळ्यात शेवटी.

ऑर्डरची स्क्रीन म्हणजे आंटी. ऑर्डर टेबलावर त्या सत्तावीस वर्षं होत्या, सॉफ्टवेअरच्याही आधीपासून. मी पन्नाशीला टेकले तरी मला ‘गर्ल’ म्हणत. टाळेबंदी उठल्यावर मी तीन आठवडे त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. डाव्या कानाला फोन, नजर कागदावर, स्क्रीनकडे ढुंकूनही नाही. एफ सात दाबलं की गिऱ्हाईकाची मागची ऑर्डर जशीच्या तशी समोर. एंटर, एंटर, आकडा, एंटर, कंट्रोल-एस. बारा ओळींची ऑर्डर पाऊण मिनिटात. सल्लागारांच्या यादीत हे ‘ऑर्डर नोंदवणे’ एवढ्या दोन शब्दांत होतं.

ब्राउझरमध्ये यातलं काहीच सरळ होत नाही. एंटर मारला की फॉर्म निघून जातो. एफ सातने ब्राउझर स्वतःचंच काही तरी विचारतो. आंटींची नव्या ऑर्डरची कळ होती कंट्रोल-एन, ती दाबली की नवी खिडकी उघडते, आणि ती कळ क्रोम कुणाला देतच नाही. मी एकेक कळ जमेल तशी परत मिळवली. कंट्रोल-एनच्या जागी दुसरी कळ सुचवली तेव्हा आंटींनी बोटांकडे पाहिलं, दोनचार वेळा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘कॅन.’ सिंगापुरात राहणाऱ्यांना कळेल, की या एका शब्दात केवढी मोठी मंजुरी असते.

त्या तीन आठवड्यांत असे अकरा नियम सापडले, जे कुठल्याच कागदावर नव्हते. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढायचा, हे या धंद्यात सगळेच पाळतात. पण दोन दवाखान्यांचा खप इतका कमी, की त्यांना निदान वर्षभर मुदतीचाच माल द्यायचा. एका डॉक्टरीणबाईंचं बिल महिन्याच्या १५ तारखेआधी काढायचं नाही. काही नियम प्रोग्रॅममध्ये होते, काही आंटींच्या डोक्यात, आणि तीन असे, की प्रोग्रॅममध्ये एक आणि आंटी नेमकं त्याच्या उलट करत. तिथे मालकीणबाईंना बसवून विचारावं लागलं, यातलं खरं कुठलं? त्या तिन्हीही वेळा आंटी बरोबर निघाल्या.

तांत्रिक अडचणींपैकी एकच सांगते, कारण ती मोठी माणसासारखी आहे. जुना मुनीम चोपडीपासून हलत नसे. त्याने एखादं पान धरलं की त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला ते मिळत नसे. वेबचा स्वभाव विसराळू. तुम्ही काही विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि तुम्ही कोण ते तो विसरला. पुन्हा विचारलंत तर ओळख पुन्हा पहिल्यापासून. मग हातमोज्यांची शेवटची दोन खोकी दोघांनी एकाच वेळी पाहिली आणि दोघांनी विकली तर? पान धरून ठेवण्याऐवजी आता आम्ही लिहिताना विचारतो, ‘तुम्ही पाहिल्यापासून हे कुणी बदललं आहे का?’ बदललं असेल तर दुसऱ्याला थांबावं लागतं. सुरुवातीला लोक चिडले, मग सवय झाली.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनाच सांगण्यासारखी. चिनी गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते जुन्या डेटाबेसमध्ये जुन्या चिनी सांकेतिक पद्धतीत होते, आणि नव्या घरात सगळं युनिकोड. पहिल्या खेपेला स्क्रीनवर निव्वळ भेंडोळं आलं. ऑफिसातली मंडळी घाबरली, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. श्रीलिपी आणि शिवाजी फॉन्टमधले जुने मजकूर युनिकोडमध्ये आणताना आपण सगळ्यांनी हेच भोगलं आहे.

हेच स्थलांतर महाराष्ट्रातही झालं आहे, आणि पुण्या-मुंबईत घर असलेल्या तुम्हा सगळ्यांशी त्याचा संबंध आला असेल. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात २००२ च्या सुमारास ‘सरिता’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. दस्ताची नोंद, फोटो, अंगठा, सगळं कॉम्प्युटरवर, पण त्या त्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर. २०१२ पासून ‘आय-सरिता’ आली, वेबवरची, मध्यवर्ती. पुण्यातल्या आमच्या घराची सूची क्रमांक दोन आता मला नोव्हेनात बसून दिसते, त्यासाठी कुणा भाच्याला सुट्टी काढावी लागत नाही. परदेशात राहणाऱ्यांना ही सोय केवढी मोठी आहे ते सांगायला नको. पण दुसरी बाजूही त्याच कार्यालयांनी आपल्याला शिकवली, आणि तिचं नाव ‘सर्व्हर डाऊन’. पूर्वी एक यंत्र बंद पडलं तर एक कार्यालय थांबायचं. आता केंद्र थांबलं की सगळीकडच्या रांगा थांबतात. मुनीम एकच ठेवला तर तो आजारी पडल्यावर पेढीच बंद. नोव्हेनात म्हणूनच आम्ही दुसरा सर्व्हर दुसऱ्या जागी तयार ठेवला. खर्च वाढला, पण मालकीणबाईंनी तो विनातक्रार दिला. २०२० त्यांनी पाहिलं होतं.

दोन महिने जुनं आणि नवं बरोबरीने चालवलं. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज. एका बिलात एका सेंटचा फरक आला. १.०५ डॉलरच्या तीन वस्तू. प्रत्येकीवर ७ टक्के कर काढून पूर्णांकात आणला तर सात सात सेंट, मिळून एकवीस. बेरीज ३.१५ वर काढला तर बावीस. जुनं सॉफ्टवेअर बेरजेवर काढत असे, नवं ओळीओळीवर काढू लागलं होतं. नव्याला जुन्याची पद्धत लावली. सेंटचं महत्त्व नव्हतं. पण संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर आंटी घरी जात नसत.

सप्टेंबर २०२२ अखेर जुना प्रोग्रॅम बंद केला. १ जानेवारी २०२३ रोजी जीएसटी ८ टक्के झाला. दर आता एका तक्त्यात, तारखेसह असतो. डिसेंबरच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहून ठेवली, आणि नव्या वर्षाच्या रात्री मी घरी होते. डिसेंबरचं बिल जानेवारीत दुरुस्त करायचं तर जुनाच दर लागला पाहिजे, तोही आपोआप लागला. २०२४ ला ९ टक्के झाला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या कामाचं खरं बक्षीस हेच, की कुणाच्या लक्षात येऊ नये.

आता जे सहसा लिहिलं जात नाही ते. दवाखाने आता स्वतःच ब्राउझरमधून ऑर्डर टाकू शकतात. ऑर्डर टेबलावर चौघं होते. काम सुरू करतानाच मालकीणबाईंनी विचारलं होतं, ‘हे झाल्यावर दोघांत भागेल ना?’ टाइप करण्यापुरतं भागेल, असं मी सांगितलं. पण आंटी फोनवर ‘या वेळी साडेसात नंबरचे हातमोजे? नवे डॉक्टर आले का?’ असं विचारून चुकीची ऑर्डर निघण्याआधीच थांबवतात, ते कुठल्या स्क्रीनला येणार? म्हणून फोन बंद करू नका, एवढंही सांगितलं. फोन राहिला. पण चौघांतली एक मुलगी जोहोरची होती. मार्च २०२० मध्ये पलीकडे अडकली, काही महिने तिथूनच कसंबसं काम करत राहिली, आणि शेवटी तिकडेच नोकरी धरली. तिची जागा पुन्हा भरली नाही. ती जागा मी लिहिलेल्या स्क्रीनने भरली. कुणाला काढलं नाही, असं कंपनी म्हणते, आणि ते खरंच आहे. पण आज एखादी मुलगी सकाळी पूल ओलांडून तिथे काम मागायला आली तर तिच्यासाठी ते टेबल नाही, हेही तितकंच खरं. स्थलांतराच्या हिशेबात ही ओळ कुठल्या रकान्यात लिहायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आंटी २०२३ च्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. जाण्याआधी सहा महिने दुपारी तासभर त्या नव्या मुलाला शेजारी बसवून घेत, आणि ते अकरा नियम आता साध्या इंग्रजीत, कारणासह, कंपनीत सगळ्यांना वाचता येतील असे लिहिलेले आहेत. ‘मास्क तिप्पट’ या नियमापुढे २००३ आणि २०२० अशी दोन वर्षं लिहिली आहेत आणि पुढे थोडी जागा सोडली आहे.

तुमच्या ऑफिसात, तुमच्या दुकानात किंवा तुमच्या वडिलांच्या पेढीवर असं एखादं जुनं सॉफ्टवेअर कुरकुरत चालू असेल, आणि ते हलवायची वेळ आली असेल, तर हलवाच. उद्या सीमा बंद झाली तर ते तुमच्या कामाचं नाही. फक्त पॅकेज बघायला जाण्याआधी ते रोज वापरणाऱ्या सगळ्यात जुन्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसा. प्रश्न विचारू नका, बोटांकडे बघा. आणि जुनं यंत्र लगेच भंगारात देऊ नका. इथे टॅक्सवाल्यांना पाच वर्षांचे हिशेब दाखवता आले पाहिजेत, म्हणून आमचा जुना सर्व्हर अजून ऑफिसच्या कोपऱ्यात आहे, फक्त वाचण्यापुरता. २०२७ संपलं की तो बंद करायचा आहे. ते बटण मीच दाबावं असं मालकीणबाईंनी सांगून ठेवलं आहे. न्यू जर्सीत कुणी एप्रिल २००३ मध्ये ‘काढू नये’ असं लिहिलेलं आठवणारे गृहस्थ हे वाचत असतील, तर त्यांना कळावं म्हणून लिहिते: काढलेलं नाही.